पीएचपी आज्ञावल्यांतील त्रुटिहाताळणी
पीएचपी या संगणक भाषेत लिहिलेली महाजालावरील आज्ञावली चालू असताना तिच्यात उद्भवणारे दोष ओळखणे, त्यांची नोंद ठेवणे, शक्य असल्यास काम सावरून घेणे व शक्य नसल्यास ते सुरक्षितपणे थांबविणे, या सर्व क्रियांस त्रुटिहाताळणी असे म्हणतात. फाइल न सापडणे, डेटाबेसशी संपर्क न होणे, अंकाच्या जागी अक्षरे येणे, स्मृतीची मर्यादा ओलांडली जाणे, आज्ञावलीच्या लेखनातच व्याकरणदोष असणे इ. अनेक कारणांनी त्रुटी उद्भवते. अशा वेळी निघणाऱ्या त्रुटिसंदेशाला दोन वाचक असतात. पहिला आज्ञावलीकार, त्यास दोषाचे स्थान, ओळक्रमांक, चलांची मूल्ये असा सर्व तपशील हवा असतो. दुसरा संकेतस्थळाचा अभ्यागत. त्यास हा तपशील निरुपयोगी असतो आणि अभ्यागत दुष्ट हेतूचा असल्यास तोच तपशील संकेतस्थळास घातक ठरतो. आरंभी या दोघांना एकच संदेश एकाच पृष्ठावर मिळत असे. पुढील तीन दशकांत त्या दोघांची फारकत कशी होत गेली, हाच पीएचपीतील त्रुटिहाताळणीच्या इतिहासाचा मुख्य धागा होय.

पार्श्वभूमी : आज्ञावलीने दोषाची वार्ता कशी द्यावी, हा प्रश्न महाजालापेक्षा जुना आहे. सी भाषेतील प्रथेनुसार एखादे फंक्शन अयशस्वी झाल्यास ते ठराविक मूल्य परत करी व ते तपासण्याची जबाबदारी बोलावणाऱ्यावर असे. तपासणी विसरली गेल्यास दोष तसाच पुढे सरके आणि उगमापासून दूर कोठेतरी प्रकट होई. यावर उपाय म्हणून ‘अपवाद’ ही संकल्पना पुढे आली. दोष आढळताच नेहमीचा क्रम सोडून नियंत्रण थेट त्या दोषाची व्यवस्था लावणाऱ्या भागाकडे नेणे, हे तिचे सार होय. १९६० नंतरच्या दशकातील पीएल/१ या भाषेत तिचे पूर्वरूप आढळते. १९७५ मध्ये जॉन गुडइनफ यांनी तिची पद्धतशीर मांडणी केली. त्याच दशकात मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे बार्बरा लिस्कोव्ह व त्यांचे सहकारी यांनी रचलेल्या क्लू या भाषेत ती प्रत्यक्ष उतरली. पुढे सी++ व जावा या भाषांनी तिचा सार्वत्रिक प्रसार केला.

महाजालावरील आज्ञावलीची स्थिती मात्र काहीशी निराळी असते. ब्राउझरकडून मागणी येते, सर्व्हरवरील पीएचपी आज्ञावली चालते, पृष्ठ तयार होऊन परत जाते आणि आज्ञावलीचे त्या मागणीपुरते आयुष्य संपते. उत्तरासोबत एक तीन अंकी स्थितिसंकेत जातो. २०० म्हणजे काम सुरळीत झाले, ४०४ म्हणजे मागितलेली वस्तू सापडली नाही आणि ५०० म्हणजे सर्व्हरच्या अंतर्गत बिघाड झाला. हा संकेत पृष्ठाच्या मजकुराआधी पाठवावा लागतो. मजकुराचा पहिला भाग रवाना झाल्यानंतर त्रुटी उद्भवल्यास संकेत बदलता येत नाही. पृष्ठ अर्धवट राहते, पण त्यावर ‘सुरळीत’ असा शिक्का आधीच बसलेला असतो. पीएचपीतील अनेक जुन्या अडचणींचे मूळ या साध्या गोष्टीत आहे.

प्रारंभिक काळ : डॅनिश-कॅनेडियन आज्ञावलीकार रास्मुस लेर्डॉर्फ यांनी १९९४ मध्ये आपल्या वैयक्तिक पृष्ठासाठी काही लहान साधने तयार केली व जून १९९५ मध्ये ती सर्वांस खुली केली. हीच पीएचपीची सुरुवात होय. पुढे इझ्राएलमधील हैफा येथील टेक्निअन या संस्थेचे विद्यार्थी अँडी गुटमन्स व झीव्ह सुरास्की यांनी तिच्या अर्थनिर्वचकाचे पुनर्लेखन केले आणि जून १९९८ मध्ये पीएचपी ३ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. त्यांनीच रचलेल्या झेंड एंजिनावर आधारित पीएचपी ४ मे २००० मध्ये आली.

या काळातील पीएचपी ही मुख्यतः पृष्ठाच्या एचटीएमएल मजकुरात अधूनमधून पेरण्याची भाषा होती. तिचे वापरकर्ते बहुधा व्यावसायिक आज्ञावलीकार नसत, त्यामुळे भाषेचे धोरण सहिष्णू होते. मूल्य न दिलेले चल वापरल्यास ते रिकामे मानले जाई, अंकाच्या जागी आलेल्या अक्षरांतून जमेल तसा अंक काढला जाई आणि बऱ्याच त्रुटींनंतरही काम पुढे चालू राही. त्रुटिसंदेश तयार होणाऱ्या पृष्ठातच छापला जाई. शिकणाऱ्यास ही सोय मोठी होती, कारण पृष्ठ उघडताच चूक व तिचा ओळक्रमांक समोर दिसे. तथापि तोच संदेश अभ्यागतासही दिसे आणि त्यात सर्व्हरवरील फाइलींचा पूर्ण मार्ग उघड होई.

संदेश नको असल्यास दोन मार्ग होते. ‘डिस्प्ले एरर्स’ ही मांडणी बंद केल्यास पृष्ठावर संदेश छापले जात नसत. मात्र त्याबरोबर ‘लॉग एरर्स’ ही मांडणी चालू करून ते नोंदवहीत उतरविणे आवश्यक होते. हे दुसरे पाऊल अनेकदा विसरले जाई. मग घातक त्रुटी आल्यास अभ्यागतास कोरे पांढरे पृष्ठ दिसे आणि आज्ञावलीकारासही दुसरे काही दिसत नसे. दुसरा मार्ग म्हणजे एखाद्या पदावलीपूर्वी ‘@’ हे चिन्ह लावून तिचे संदेश दाबून टाकणे. त्यामुळे दोष नाहीसा न होता केवळ निःशब्द होई. पीएचपी ८ पूर्वीच्या आवृत्त्यांत हे चिन्ह घातक त्रुटीचा संदेशही दाबीत असे. परिणामी एका चिन्हामुळे संपूर्ण पृष्ठ कोरे पडून कारणाचा मागमूस राहत नसे.

याच काळात डेटाबेसला प्रश्न विचारणाऱ्या आज्ञेपुढे ‘अथवा थांब व डेटाबेसचा संदेश छाप’ अशा अर्थाची जोड देण्याची रीत रूढ झाली. पाठ्यपुस्तकांतील उदाहरणांतून ती सर्वत्र पसरली. डेटाबेसचा मूळ संदेश अभ्यागतापुढे जाऊ लागल्याने तक्त्यांची व स्तंभांची नावे उघड होत. प्रश्नाच्या मजकुरात परकी आज्ञा घुसविणाऱ्या हल्लेखोरास आपला प्रयत्न कोठवर साधला हे त्या संदेशावरूनच समजे. ‘रजिस्टर ग्लोबल्स’ या मांडणीने त्यात भर घातली. ती चालू असताना पत्त्यात लिहिलेले कोणतेही नाव आपोआप आज्ञावलीतील चल बने. मूल्य न देताच वापरलेल्या चलाची सौम्य सूचना दुर्लक्षिली गेली असेल, तर त्या चलाचे मूल्य अभ्यागत ठरवू शके. एप्रिल २००२ मधील ४·२·० या आवृत्तीत ही मांडणी मूलतः बंद ठेवण्यात आली व २०१२ मधील ५·४ या आवृत्तीत ती काढून टाकण्यात आली.

त्रुटींची वर्गवारी : पीएचपीने त्रुटींच्या तीव्रतेनुसार पातळ्या ठरविल्या व प्रत्येकीस दोनच्या घाताइतका अंक दिला. घातक त्रुटीस १, इशाऱ्यास २, व्याकरणदोषास ४ व सूचनेस ८ हे त्यांतील पहिले चार अंक होत. त्यानंतर भाषेच्या गाभ्यातील, संकलनाच्या वेळच्या, आज्ञावलीकाराने स्वतः उपस्थित केलेल्या व कालबाह्य वापराच्या त्रुटींच्या पातळ्या येतात. या अंकांची बेरीज करून कोणत्या पातळ्यांची दखल घ्यावयाची हे एकाच संख्येने सांगता येते. ही पद्धत आटोपशीर असली, तरी तिच्यात एक मोह दडलेला होता. पीएचपी ८ पूर्वी मूळ मांडणीतच सूचना वगळलेल्या असत. त्यामुळे नाव लिहिताना एक अक्षर चुकून नवेच चल वापरले गेले, तरी त्याची वार्ता कोणासही मिळत नसे.

पीएचपी ४ मध्ये आज्ञावलीकारास स्वतःचे त्रुटिहाताळणी फंक्शन नेमण्याची सोय झाली. त्रुटी उद्भवताच भाषा त्या फंक्शनास पातळी, संदेश, फाइल व ओळक्रमांक कळवी. मात्र घातक त्रुटी, व्याकरणदोष आणि गाभ्यातील व संकलनाच्या वेळच्या त्रुटी त्याच्या कक्षेबाहेर होत्या. ज्या त्रुटींमुळे काम थांबे, नेमक्या त्याच हाती लागत नसत.

अपवादांचा स्वीकार : जुलै २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पीएचपी ५ ने वस्तुनिष्ठ रचनेबरोबरच अपवादही आणले. धोक्याची कृती ‘ट्राय’ या खंडात लिहावयाची व तीतून फेकला गेलेला अपवाद ‘कॅच’ या खंडात झेलावयाचा, अशी ही रचना होती. कोणीही न झेललेल्या अपवादासाठी अखेरचे फंक्शन नेमता येऊ लागले. ‘फायनली’ हा खंड मात्र जून २०१३ मधील ५·५ या आवृत्तीपर्यंत नव्हता.

भाषेची जुनी फंक्शने मात्र इशारे व सूचनाच देत राहिली. अशा रीतीने एकाच भाषेत दोन स्वतंत्र व्यवस्था शेजारीशेजारी नांदू लागल्या. फाइल उघडता न आल्यास इशारा मिळे व ‘ट्राय’ खंडास त्याचा पत्ताही लागत नसे. ही दरी सांधण्यासाठी ५·१ या आवृत्तीत ‘एरर एक्सेप्शन’ हा वर्ग आला. त्रुटिहाताळणी फंक्शनात येणारा प्रत्येक इशारा या वर्गाच्या अपवादात रूपांतरित करून फेकावयाचा, ही युक्ती पुढील फ्रेमवर्कांचा पाया ठरली. याच आवृत्तीबरोबर आलेल्या पीडीओ या डेटाबेस-संपर्क साधनात मौन, इशारा व अपवाद अशा तीन वृत्ती होत्या. परंतु मूळ वृत्ती मौनाचीच होती.

घातक त्रुटींसाठी आडमार्ग शोधावा लागला. आज्ञावली संपताना चालणारे फंक्शन आधीच नोंदवून ठेवावयाचे आणि त्यात शेवटची त्रुटी कोणती होती याची चौकशी करावयाची. ५·२ या आवृत्तीतील नव्या फंक्शनामुळे ही चौकशी शक्य झाली. स्मृती संपल्यामुळे आज्ञावली कोसळली असेल, तर त्रुटीची नोंद करण्यापुरतीही स्मृती उरत नाही. म्हणून सिम्फनीसारखी फ्रेमवर्के आरंभीच काही किलोबाइट स्मृती निरर्थक मजकुराने भरून राखून ठेवतात व अखेरच्या क्षणी ती मोकळी करतात.

फ्रेमवर्कांचा उदय : २००५ च्या सुमारास केकपीएचपी व सिम्फनी, २००६ मध्ये कोडइग्नायटर, २००७ मध्ये झेंड फ्रेमवर्क, २००८ मध्ये यी आणि २०११ मध्ये टेलर ऑटवेल यांचे लारावेल अशी फ्रेमवर्के पुढे आली. फ्रेमवर्क म्हणजे महाजाल-आज्ञावलीच्या नित्याच्या भागांचा तयार सांगाडा होय. यापूर्वी संकेतस्थळाचे प्रत्येक पृष्ठ ही स्वतंत्र फाइल असे व प्रत्येकीत त्रुटीची व्यवस्था निराळी करावी लागे. फ्रेमवर्कात सर्व मागण्या एकाच प्रवेशद्वारातून येतात. त्यामुळे त्या द्वारापाशीच एक पहारा ठेवला म्हणजे आतील कोणत्याही भागातून सुटलेला अपवाद तेथे झेलता येतो.

या पहाऱ्याची दोन कर्तव्ये हळूहळू स्पष्ट झाली. पहिले, अपवादाची संपूर्ण नोंद आतील वाचकासाठी ठेवणे. दुसरे, बाहेरील वाचकास योग्य स्थितिसंकेतासह मर्यादित उत्तर देणे. लारावेलमध्ये ही कर्तव्ये ‘रिपोर्ट’ व ‘रेंडर’ अशा दोन निरनिराळ्या कृतींस वाटून दिलेली आहेत. सिम्फनीमध्ये अपवाद सुटताच एक घटना जाहीर केली जाते व आज्ञावलीचा जो भाग ती ऐकत असेल तो उत्तर तयार करतो. झेंड फ्रेमवर्काच्या पहिल्या आवृत्तीत याच कामासाठी स्वतंत्र त्रुटिनियंत्रक होता. तयार होणारा मजकूर लगेच न पाठविता साठवून ठेवावयाचा व सर्व काम पुरे झाल्यावरच स्थितिसंकेतासह रवाना करावयाचा, ही पद्धतही फ्रेमवर्कांनी रूढ केली. अर्धे पृष्ठ व त्यावर २०० चा शिक्का, ही जुनी अडचण त्यामुळे बव्हंशी दूर झाली.

त्याचबरोबर ‘विकास’ व ‘उत्पादन’ अशा दोन परिस्थितींचा भेद रुजला. आज्ञावलीकाराच्या स्वतःच्या यंत्रावर तपशीलवार त्रुटिपृष्ठ दिसावे आणि प्रत्यक्ष सेवेत केवळ क्षमायाचनेचे पृष्ठ दिसावे, हा त्याचा हेतू होय. केकपीएचपीमध्ये त्यासाठी अंकांनी दर्शविलेली पातळी होती व शून्य म्हणजे उत्पादन. तिच्या पहिल्या मालिकेत ही पातळी शून्य असताना नियंत्रकाची फाइल न सापडण्यासारखे आतील दोषही ४०४ या संकेताने प्रकट होत. त्यामुळे विकासात चालणारे पृष्ठ सेवेत ‘सापडत नाही’ असे सांगे व नवशिक्या आज्ञावलीकाराचा शोध भलत्याच दिशेने जाई. भाषेबरोबर मिळणाऱ्या मांडणीच्या नमुना-फाइलींनाही ५·३ या आवृत्तीपासून ‘विकास’ व ‘उत्पादन’ अशीच नावे देण्यात आली.

नोंदवहीच्या बाबतीतही एकवाक्यता आली. झॉर्डी बोजिआनो यांचे मोनोलॉग हे साधन सिम्फनी व लारावेल या दोन्ही फ्रेमवर्कांत वापरले गेले. विविध फ्रेमवर्कांच्या प्रतिनिधींनी मिळून ठरविलेल्या पीएसआर-३ या संकेताने नोंदीच्या आठ पातळ्या निश्चित केल्या. आणीबाणीपासून दोषशोधनाच्या बारीक तपशिलापर्यंतचा हा क्रम २००९ च्या आरएफसी ५४२४ या दस्तऐवजातून घेतलेला आहे.

एकीकरण : डिसेंबर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पीएचपी ७ ने दोन व्यवस्थांमधील दरी मोठ्या प्रमाणात बुजविली. निकिता पोपोव्ह यांच्या प्रस्तावानुसार पूर्वीच्या बहुतेक घातक त्रुटी ‘एरर’ या नव्या वर्गाच्या वस्तू म्हणून फेकल्या जाऊ लागल्या व झेलता येऊ लागल्या. अस्तित्वात नसलेले फंक्शन बोलावणे किंवा रिकाम्या मूल्यावर वस्तूची कृती करू पाहणे, अशा दोषांनी आता कोरे पृष्ठ पडण्याचे कारण उरले नाही. ‘एरर’ हा वर्ग ‘एक्सेप्शन’चा वंशज न करता दोघांसाठी ‘थ्रोएबल’ हे समान मूळ निर्माण करण्यात आले. जुन्या आज्ञावल्यांतील ‘सर्व अपवाद झेल’ अशा खंडांनी हे नवे दोष नकळत गिळू नयेत, हा त्यामागील विचार होता. त्यामुळे केवळ ‘एक्सेप्शन’ झेलणारे पहारे नव्या दोषांपुढे अपुरे पडले व फ्रेमवर्कांना त्यांत दुरुस्ती करावी लागली.

नोव्हेंबर २०२० मधील पीएचपी ८ ने सहिष्णुतेचे जुने धोरण आणखी मागे सारले. सर्व पातळ्यांची दखल घेणे ही मूळ मांडणी झाली. मूल्य न दिलेल्या चलाचा वापर सूचनेऐवजी इशाऱ्यास पात्र ठरला. ‘@’ हे चिन्ह घातक त्रुटी दाबेनासे झाले. पीडीओची मूळ वृत्ती मौनाऐवजी अपवादाची झाली आणि २०२१ मधील ८·१ या आवृत्तीत मायएसक्यूएलआय या साधनानेही तोच मार्ग स्वीकारला. या बदलांचा फटकाही बसला. ‘@’ लावलेल्या ठिकाणी पूर्वी दखलपातळी शून्य मिळे. पीएचपी ८ मध्ये ती ४४३७ मिळू लागली. शून्याशी तुलना करणारी जुनी त्रुटिहाताळणी फंक्शने त्यामुळे, वर्षानुवर्षे दाबलेले इशारे एकाएकी अपवाद म्हणून फेकू लागली. २०२५ मधील ८·५ या आवृत्तीने घातक त्रुटीच्या संदेशासह ती कोणत्या मार्गाने उद्भवली याची साखळी देण्याची सोय केली.

तपशिलाचा धोका : फ्रेमवर्कांच्या वाढीबरोबर विकासासाठीची त्रुटिपृष्ठेही समृद्ध झाली. २०१३ मधील लारावेल ४ मध्ये व्हूप्स या साधनाचे पृष्ठ दिसे. त्यात दोषाच्या ठिकाणचा आज्ञावलीचा उतारा, बोलावण्यांची साखळी, मागणीतील मूल्ये आणि सर्व्हरची परिस्थितिचले दिसत. डेटाबेसचा संकेतशब्द व गुप्त किल्ल्या बहुधा याच चलांत ठेवलेल्या असतात. आज्ञावलीकारास वरदान ठरलेले हे पृष्ठ उत्पादनात चुकून चालू राहिल्यास संकेतस्थळाच्या चाव्या अभ्यागताच्या हाती पडत.

२०१९ मध्ये लारावेल ६ बरोबर इग्निशन हे नवे त्रुटिपृष्ठ आले. ते दोष दाखवून थांबत नसे, तर काही दोषांवरील उपाय बटण दाबून लागू करण्याची सोयही देई. जानेवारी २०२१ मध्ये या सोयीतील गंभीर उणीव प्रसिद्ध झाली. तिचा नोंदक्रमांक सीव्हीई-२०२१-३१२९ असा आहे. उपाय लागू करणाऱ्या मागणीत फाइलीचा मार्ग पाठविता येई व त्याची पुरेशी छाननी होत नसे. हल्लेखोर त्या वाटेने नोंदवहीतील मजकूर पुसून तिच्यात स्वतःचा मजकूर भरू शके व तिचे रूपांतर पीएचपीच्या संग्रह-फाइलीत करून सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवू शके. दोष टिपण्यासाठी ठेवलेली वहीच अशा रीतीने हल्ल्याचे साधन बनली. हल्ल्याची अट एकच होती : विकासवृत्ती प्रत्यक्ष सेवेत चालू असणे. इग्निशनच्या २·५·२ या आवृत्तीत ही उणीव दूर करण्यात आली.

महाजालावरील आज्ञावल्यांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेने २००४ च्या आपल्या दहा प्रमुख धोक्यांच्या यादीत सदोष त्रुटिहाताळणीस स्वतंत्र स्थान दिले होते. २००७ च्या यादीत ते माहितीच्या गळतीशी जोडले गेले व २०१० च्या यादीत वगळले गेले. २०२५ च्या यादीत अपवादात्मक परिस्थितीची सदोष हाताळणी पुन्हा स्वतंत्र धोका म्हणून आली. फ्रेमवर्कांनी साधने पुरविली, तरी त्यांची योग्य मांडणी करणे माणसावरच अवलंबून राहिले, हे यावरून दिसते.

दोषशोधनाची पद्धत : फ्रेमवर्कावरील आज्ञावलीत संदेश दिसेनासा झाल्यास तो कोणत्या थरात हरवला हे प्रथम ठरविले जाते. उत्तर पाठविणारा थर सर्व्हर, भाषा वा फ्रेमवर्क यांपैकी कोणताही असू शकतो व प्रत्येकाची नोंदवही वेगळी असते. स्थितिसंकेत येथे उपयोगी पडतो. मात्र संदेश पृष्ठावर छापण्याची मांडणी चालू असल्यास न झेललेल्या घातक त्रुटीनंतरही पीएचपी २०० हाच संकेत देते, ती बंद असल्यास ५०० देते. म्हणून केवळ संकेतांवर लक्ष ठेवणाऱ्या पाहणी-साधनास संदेश छापणारे बिघडलेले पृष्ठ निरोगी वाटते.

दुसरी पायरी म्हणजे अंमलात असलेली मांडणी पाहणे. आज्ञापंक्तीवरून चालणारी पीएचपी व सर्व्हरमार्फत चालणारी पीएचपी यांच्या मांडणी-फाइली बहुधा निराळ्या असतात. एकीत केलेला बदल दुसरीस लागू होत नाही. आज्ञावलीच्या आरंभी संदेश चालू करण्याची आज्ञा लिहिली, तरी त्याच फाइलीत व्याकरणदोष असल्यास ती आज्ञा चालण्याची वेळच येत नाही. अशा वेळी आज्ञापंक्तीवरून फाइलीचे केवळ व्याकरण तपासावे लागते. लारावेलमध्ये मांडणीची तयार प्रत साठविलेली असेल, तर परिस्थितिचलांच्या फाइलीत केलेला बदल ती प्रत पुसेपर्यंत निष्फळ ठरतो.

तिसरी पायरी नोंदवहीची होय. नोंदवहीच्या निर्देशिकेत लिहिण्याचा अधिकार सर्व्हरच्या खात्यास नसल्यास मूळ दोषाची नोंद करतानाच दुसरा दोष उद्भवतो व पहिला झाकला जातो. कोडइग्नायटरच्या ३ पर्यंतच्या आवृत्त्यांत नोंद करण्याची मूळ पातळी शून्य, म्हणजे नोंद बंद, अशी असे. चौथी पायरी झेलणाऱ्या खंडांची. नामावकाश असलेल्या फाइलीत ‘एक्सेप्शन’ या नावापूर्वी तिरकी रेघ लिहिण्याचे राहिल्यास भाषा त्या नामावकाशातील, अस्तित्वात नसलेला वर्ग शोधते. खंड कधीच लागू होत नाही व त्याबद्दल तक्रारही होत नाही. याउलट रिकामा ‘कॅच’ खंड सर्व काही झेलून गिळून टाकतो. एका अपवादाच्या पोटी दुसरा ठेवण्याची सोय ५·३ या आवृत्तीपासून आहे. अशा साखळीत सर्वांत आतला अपवाद बहुधा मूळ कारण सांगतो. बोलावण्यांची साखळी दोष कोठे प्रकट झाला ते दाखविते. चुकीचे मूल्य प्रथम कोठे शिरले हे मात्र आज्ञावली वाचूनच शोधावे लागते. त्यासाठी डेरिक रेथन्स यांचे २००२ पासूनचे एक्सडीबग हे साधन वापरतात. त्याच्या साहाय्याने आज्ञावली ओळीओळीने थांबवून चलांची मूल्ये पाहता येतात.

परस्परसंबंध : दोन वाचकांची फारकत पूर्ण झाल्यावर त्यांच्यात दुवा कसा ठेवावा, हा प्रश्न उरतो. क्षमायाचनेचे पृष्ठ पाहणाऱ्या अभ्यागताची तक्रार नोंदवहीतील हजारो नोंदींपैकी कोणत्या नोंदीविषयी आहे, हे कळले पाहिजे. यावरील रूढ उपाय मीडियाविकी या पीएचपी आज्ञावलीत दिसतो. २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियासह सर्व विकिपीडिया याच आज्ञावलीवर चालतात. तिच्या मूळ मांडणीत अपवाद उद्भवल्यास वाचकास मागणीचा ओळखक्रमांक, वेळ व अपवादाचा प्रकार एवढेच दिसते. उरलेला तपशील त्याच क्रमांकाखाली आतील नोंदवहीत उतरतो. यंत्रांनी परस्परांना द्यावयाच्या उत्तरांतील त्रुटिवर्णनासाठी मार्च २०१६ मध्ये आरएफसी ७८०७ हा नमुना ठरला व जुलै २०२३ मध्ये आरएफसी ९४५७ ने त्याची जागा घेतली. त्यातही आज्ञावलीची आतील माहिती उघड न करण्याविषयी सावधगिरी सांगितलेली आहे.

आरंभीच्या पीएचपीचे धोरण काम कसेही पुढे नेण्याचे होते व तिच्या झपाट्याने झालेल्या प्रसारात त्या धोरणाचा वाटा मोठा आहे. पुढील आवृत्त्यांनी दोष लवकर व स्पष्टपणे प्रकट करण्याचा मार्ग धरला. फ्रेमवर्कांनी दोषाचा तपशील आत व त्याची मर्यादित वार्ता बाहेर अशी विभागणी केली. मात्र ही विभागणी बहुतेक फ्रेमवर्कांत मांडणीतील एकदोन शब्दांवर अवलंबून असते. त्यामुळे प्रत्यक्ष सेवेपूर्वी ते शब्द तपासणे व हेतुपुरस्सर त्रुटी घडवून ती नोंदवहीत उतरते आणि पृष्ठावर उमटत नाही याची खातरजमा करणे, हा त्रुटिहाताळणीचा आवश्यक भाग मानला जातो.